अतिजड अणुकेंद्रांचा किरणोत्सर्गी क्षय

अतिजड अणुकेंद्रांचा किरणोत्सर्गी क्षय म्हणजे १०४ किंवा त्याहून अधिक अणुक्रमांक असलेल्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांचे आपोआप होणारे विघटन होय. रुदरफोर्डियम (१०४) ते ओगानेसॉन (११८) ही पंधरा मूलद्रव्ये या गटात मोडतात. यांपैकी एकही निसर्गात आढळलेले नाही. सर्व मूलद्रव्ये कणवेगवर्धकांच्या साहाय्याने, बहुधा एका वेळी एक अणू या प्रमाणात, निर्माण केली गेली आहेत. त्यांचे आयुष्य काही तासांपासून सेकंदाच्या कोट्यंशापर्यंत असते. त्यांतील सर्वांत जड मूलद्रव्यांचा दृश्य नमुना तयार करता येत नाही, त्यांचे वजन करता येत नाही आणि त्यांची नेहमीच्या अर्थाने रासायनिक परीक्षाही घेता येत नाही. असा अणू निर्माण झाला होता हे तो नष्ट होताना बाहेर टाकत असलेल्या कणांवरून ठरवावे लागते. त्यामुळे या क्षेत्रात क्षय हा पदार्थाच्या अनेक गुणधर्मांपैकी एक राहत नाही. तो पदार्थाच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो.

संज्ञा

‘क्षय’ हा शब्द मराठीत रोगाचे नाव म्हणून अधिक परिचित असला, तरी त्याचा मूळ अर्थ झीज किंवा ऱ्हास असा आहे आणि भौतिकीत तो त्याच अर्थाने योजला जातो. क्षय पावणाऱ्या अणुकेंद्राला जनक अणुकेंद्र आणि मागे उरणाऱ्याला निष्पन्न अणुकेंद्र म्हणतात. अणुकेंद्राचे दोन मोठ्या तुकड्यांत होणारे विभाजन म्हणजे भंजन. काही पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘विखंडन’ हा शब्द येतो. एकाच मूलद्रव्याच्या, पण न्यूट्रॉनांची संख्या भिन्न असलेल्या अणूंना समस्थानिक म्हणतात. समस्थानिकाचे नाव लिहिताना प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज, म्हणजे अणुभारांक, नावापुढे लिहिण्याची पद्धत आहे, उदा. ओगानेसॉन-२९४ या अणुकेंद्रात ११८ प्रोटॉन व १७६ न्यूट्रॉन असतात.

अर्धायुकाल म्हणजे एखाद्या अणूचे आयुष्य नव्हे. पुष्कळ अणू घेतले तर त्यांतील निम्मे ज्या कालावधीत क्षय पावतील तो अर्धायुकाल. एकटा अणू त्याआधी किंवा त्यानंतर केव्हाही फुटू शकतो. अतिजड मूलद्रव्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते, कारण तेथे ‘पुष्कळ अणू’ कधीच हाती नसतात. एकच अणू सापडला आणि तो ठरावीक वेळाने फुटला, तर त्या वेळेला ०.६९३ ने गुणून अर्धायुकालाचा अंदाज करता येतो. मात्र खरी किंमत त्या अंदाजाच्या जवळजवळ निम्म्यापासून सहापटीपर्यंत कोठेही असू शकते. म्हणूनच या मूलद्रव्यांचे अर्धायुकाल निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे दिलेले आढळतात. ती मुद्रणातील चूक समजू नये.

जड अणुकेंद्र का टिकत नाही

अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना एकत्र धरून ठेवणारे बल अतिशय प्रबळ असते, पण त्याचा पल्ला फार अल्प असतो. प्रत्येक कण आपल्या लगतच्या शेजाऱ्यांनाच काय तो धरून ठेवतो. याउलट प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिसारण दूरवर पोहोचते. अणुकेंद्राच्या एका टोकाचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनालाही दूर लोटतो. त्यामुळे अणुकेंद्र मोठे होत जाते तसे धरून ठेवणारे बल साधारणपणे कणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, तर दूर लोटणारा परिणाम प्रोटॉनांच्या संख्येच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बिस्मथच्या (८३) पुढे एकही मूलद्रव्य खऱ्या अर्थाने स्थिर नाही ते यामुळेच.

अणुकेंद्राला द्रवाच्या थेंबाची उपमा देणारी द्रवबिंदू प्रतिकृती हाच हिशेब मांडते. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, विद्युत प्रतिसारण त्याला ताणून फोडू पाहते. या प्रतिकृतीनुसार अणुक्रमांक १०४ च्या आसपास पृष्ठताणाचा विरोध जवळजवळ संपतो आणि अणुकेंद्र निर्माण होताक्षणीच फुटावयास हवे. आवर्त सारणी तेथेच संपावयास हवी होती. ती संपली नाही, याचे कारण अणुकेंद्र हा केवळ थेंब नव्हे.

आल्फा क्षय

दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा घट्ट बांधलेला गट म्हणजे आल्फा कण. हेच हीलियमचे अणुकेंद्र. आल्फा क्षयात अणुकेंद्र असा एक कण बाहेर टाकते व त्याचा अणुक्रमांक दोनाने आणि अणुभारांक चाराने घटतो. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १८९९ मध्ये युरेनियमच्या प्रारणात दोन भिन्न घटक असल्याचे दाखवून त्यांना आल्फा व बीटा ही नावे दिली. मात्र आल्फा कण बाहेर पडतो कसा, हे कोडे जवळजवळ तीस वर्षे सुटले नव्हते. जड अणुकेंद्राभोवती विद्युत प्रतिसारणाचा जो ऊर्जेचा बांध असतो त्याची उंची आल्फा कणाच्या ऊर्जेच्या कित्येक पट असते. रूढ यामिकीच्या नियमांप्रमाणे कणाला तो बांध ओलांडता येणे अशक्य आहे.

१९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, नव्या पुंजयामिकीच्या आधारे हे कोडे सोडविले. कण बांधावरून उडी मारत नाही. बोगद्यातून जावे तसा तो बांधातून पलीकडे प्रकट होण्याची अल्पशी शक्यता असते. म्हणून या घटनेस बोगदा परिणाम म्हणतात. ही शक्यता कणाच्या ऊर्जेवर कमालीची अवलंबून असते. थोरियम-२३२ चे आल्फा कण सुमारे ४ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे असतात व त्याचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. पोलोनियम-२१२ च्या आल्फा कणांची ऊर्जा सुमारे ८.८ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि त्याचा अर्धायुकाल सेकंदाच्या दशलक्षांशाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक झाली एवढ्यानेच अर्धायुकाल एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींनी घटला. ऊर्जा व अर्धायुकाल यांमधील हा संबंध हान्स गायगर व जॉन नटॉल यांनी १९११ मध्येच प्रयोगांवरून शोधला होता. त्यामागचे कारण पुढे गॅमो यांच्या सिद्धांताने कळले.

अतिजड अणुकेंद्रांतून निघणाऱ्या आल्फा कणांची ऊर्जा साधारणपणे ९ ते १२ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या वाढल्यामुळे बांधही उंच होतो, म्हणून इतकी ऊर्जा असूनही ती काही काळ तग धरतात. ओगानेसॉन-२९४ चा अर्धायुकाल सुमारे ०.७ मिलिसेकंद आहे.

स्वयंस्फूर्त भंजन

अतिजड अणुकेंद्रांच्या क्षयाचा दुसरा प्रमुख मार्ग म्हणजे कोणत्याही बाह्य आघाताशिवाय अणुकेंद्राचे दोन मोठ्या तुकड्यांत फुटणे. गेओर्गी फ्ल्योरोव्ह आणि कॉन्स्टँटिन पेट्रझाक यांनी १९४० मध्ये युरेनियमच्या बाबतीत ही घटना शोधली. विश्वकिरणांमुळे भंजन होत नसल्याची खात्री करण्यासाठी त्यांनी आपली उपकरणे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या दिनामो स्थानकात, जमिनीखाली नेली होती. युरेनियममध्ये ही घटना अतिदुर्मीळ असते. लाखो अणू आल्फा क्षयाने नष्ट होतात तेव्हा एखादा भंजनाने फुटतो. अणुक्रमांक वाढतो तशी ती झपाट्याने वाढते.

आल्फा क्षयाप्रमाणे भंजनात सुरेख नियमितता नाही. फर्मियम-२५७ चा अर्धायुकाल सुमारे १०० दिवस आहे. त्यात केवळ एका न्यूट्रॉनाची भर पडली की होणारे फर्मियम-२५८ सेकंदाच्या सहस्रांशाच्याही आत भंजन पावते. न्यूट्रॉनांची किंवा प्रोटॉनांची संख्या विषम असली तर भंजनाला अडथळा होतो, हे यामागचे एक कारण आहे. जर्मनीतील डार्मस्टाट येथील जीएसआय प्रयोगशाळेने २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार रुदरफोर्डियम-२५२ सुमारे ६० नॅनोसेकंदांत भंजन पावते. आजवर ज्ञात असलेल्या अतिजड अणुकेंद्रांत हे सर्वांत अल्पायुषी आहे.

संशोधकाच्या दृष्टीने या दोन मार्गांत मोठा फरक आहे. आल्फा कणाची ऊर्जा ठरावीक असते, म्हणून तो जनकाची ओळख सांगतो. भंजनात मात्र तुकडे दर वेळी निराळे होतात. काहीतरी जड फुटले एवढे समजते. नेमके काय फुटले ते समजत नाही.

बीटा क्षय व इलेक्ट्रॉन-ग्रहण हे मार्ग सैद्धांतिक दृष्ट्या उपलब्ध असले, तरी ते तुलनेने मंद असल्याने बहुतेक ज्ञात अतिजड अणुकेंद्रांत त्यांची पाळी येण्यापूर्वीच आल्फा क्षय किंवा भंजन होऊन जाते.

कवचे आणि स्थैर्याचे बेट

अणूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणे अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉनही ऊर्जेच्या ठरावीक कवचांत मांडलेले असतात. मारिया गोपर्ट-मेयर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या या कवच प्रतिकृतीबद्दल त्यांना १९६३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ या संख्यांना कवच पूर्ण भरते व अणुकेंद्र विशेष घट्ट बांधले जाते. यांना जादूई संख्या म्हणतात. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन व १२६ न्यूट्रॉन असल्याने ते दुहेरी जादूई आहे.

यापुढची जादूई संख्या कोणती? १९६० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या गणितांतून ११४ प्रोटॉन व १८४ न्यूट्रॉन हे उत्तर पुढे आले. या संख्यांच्या आसपास, अस्थिर अणुकेंद्रांच्या समुद्रात, दीर्घायुषी अणुकेंद्रांचे एक ‘स्थैर्याचे बेट’ असावे अशी कल्पना रूढ झाली व ग्लेन सीबोर्ग यांनी तिचा हिरिरीने प्रसार केला. काही गणितांनी तर तेथे कोट्यवधी वर्षांचे अर्धायुकाल वर्तविले. तेव्हा अशी मूलद्रव्ये पृथ्वीवरच कोठेतरी उरली असतील या आशेने खनिजे आणि अशनी तपासण्याची लाटच आली. १९७६ मध्ये मादागास्करच्या मोनाझाइटमध्ये अतिजड मूलद्रव्यांच्या खुणा सापडल्याचे जाहीर झाले. (केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम असते ते याच खनिजात.) काही महिन्यांतच त्या खुणांचे दुसरे, साधे स्पष्टीकरण मिळाले आणि दावा कोसळला.

बेटावर अद्याप कोणी पोहोचलेले नाही. आजवर निर्माण झालेल्या अणुकेंद्रांत न्यूट्रॉनांची कमाल संख्या १७७ आहे. १८४ ला सात कमी पडतात. तथापि बेटाकडे जाणारा किनारा चढणीचा आहे हे निश्चितपणे दिसते. कोपर्निसियम-२७७ चा अर्धायुकाल मिलिसेकंदापेक्षाही कमी आहे. आठ न्यूट्रॉन अधिक असलेल्या कोपर्निसियम-२८५ चा सुमारे अर्धा मिनिट आहे. प्रोटॉनांची संख्या तीच असताना आयुष्य हजारो पटींनी वाढते, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कवचांखेरीज देता येत नाही. मात्र बेटाच्या माथ्यावरचे आयुष्य किती असेल याबाबतचे आजचे अंदाज साठच्या दशकातील अंदाजांपेक्षा कितीतरी संयमी आहेत.

अणुकेंद्र गोल असलेच पाहिजे असे नाही. लांबट आकाराच्या अणुकेंद्रांत १०८ प्रोटॉन व १६२ न्यूट्रॉन या संख्याही स्थैर्य देतात. हॅसियम-२७० काही सेकंद टिकते ते त्यामुळे. काही वेळा अणुकेंद्राची उद्दीपित अवस्था तळअवस्थेपेक्षा अधिक टिकते असाही उलटा प्रकार आढळतो. डार्मस्टाटियम-२७० ची तळअवस्था सुमारे ०.१ मिलिसेकंद टिकते, तर तिची एक उद्दीपित अवस्था सुमारे ६ मिलिसेकंद.

क्षयसाखळी : एका अणूची ओळख

अतिजड अणुकेंद्र निर्माण करण्यासाठी हलक्या मूलद्रव्याचे आयन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एकदशांश वेगाने जड मूलद्रव्याच्या पातळ पत्र्यावर आदळवितात. दर सेकंदाला लक्षकोटींच्या संख्येने आयन आदळत राहतात. आणि तरीही नवे अणुकेंद्र जुळून येण्यास दिवस, आठवडे, कधी वर्षे लागतात. जुळलेले अणुकेंद्रही बहुतेकदा लगेच फुटते. एक किंवा काही न्यूट्रॉन बाहेर टाकून थंड झालेले एखादेच शिल्लक राहते.

ते पत्र्यातून पुढे फेकले जाते. चुंबकीय व विद्युत क्षेत्रांनी युक्त अशा विलगकात मूळ आयनांचा झोत एकीकडे वळविला जातो व जड अणुकेंद्र दुसरीकडे. शेवटी ते सिलिकॉनच्या अभिज्ञातकात रुतून बसते. कोणत्या क्षणी, कोणत्या ठिकाणी व किती ऊर्जेने रुतले याची नोंद होते. मग वाट पाहावयाची. त्याच ठिकाणी काही मिलिसेकंदांनी एक आल्फा कण, नंतर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी भंजन अशी मालिका नोंदली गेली, तर ती क्षयसाखळी होय. रशियातील दुबना येथे पहिला योग्य आल्फा कण दिसताच झोत आपोआप बंद करण्याची व्यवस्था आहे, म्हणजे साखळीचे उरलेले दुवे निःस्तब्धतेत ऐकता येतात.

साखळीचा अर्थ लावताना उलट दिशेने जावे लागते. शेवटचे दुवे पूर्वीपासून परिचित असलेल्या समस्थानिकांचे असले, त्यांच्या ऊर्जा व कालावधी जुळले, तर दर दुव्याला दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन मिळवीत वर चढावे आणि आरंभीच्या अणूपर्यंत पोहोचावे. घराण्याची वंशावळ नातवंडांवरून लावण्यासारखाच हा प्रकार आहे. नातवंडेच अनोळखी असतील तर मात्र सगळी वंशावळ अधांतरी राहते.

दोन पद्धतींमधील वाद नेमका येथे होता. शिसे वा बिस्मथ यांच्या लक्ष्यावर जस्तासारखे आयन आदळविण्याच्या पद्धतीत साखळ्या परिचित समस्थानिकांत येऊन मिळतात, पण अणुक्रमांक वाढतो तसे उत्पादन फार घटते. या पद्धतीने डार्मस्टाट येथे १९८१ ते १९९६ या काळात १०७ ते ११२ ही मूलद्रव्ये सिद्ध झाली. युरी ओगानेसियान यांच्या नेतृत्वाखाली दुबना येथे विकसित झालेल्या पद्धतीत प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियम यांसारख्या लक्ष्यांवर कॅल्शियम-४८ आदळवितात. नैसर्गिक कॅल्शियममध्ये या समस्थानिकाचे प्रमाण ०.२ टक्क्यांहूनही कमी असल्याने तो अत्यंत महाग पडतो. पण त्यात २० प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन असल्याने तो दुहेरी जादूई आणि न्यूट्रॉनांनी समृद्ध आहे. ११४ ते ११८ ही मूलद्रव्ये त्यामुळेच हाती आली. परंतु त्यांच्या साखळ्या अशा समस्थानिकांवर संपत ज्यांना पूर्वी कोणी पाहिले नव्हते. म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यतेला वर्षानुवर्षे विलंब झाला. अणुभारांक प्रत्यक्ष मोजण्यात बर्कली येथील प्रयोगशाळेला २०१८ मध्ये यश आले. तेव्हा मॉस्कोव्हियम-२८८ व निहोनियम-२८४ यांचे आधी साखळीवरून ठरविलेले अणुभारांक बरोबर असल्याचे दिसून आले.

निहोनियमचे तीन अणू

जपानमधील रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने २००३ मध्ये बिस्मथ-२०९ वर जस्त-७० आदळविण्यास प्रारंभ केला. ११३ व्या मूलद्रव्याचा पहिला अणू २३ जुलै २००४ रोजी मिळाला. त्याने चार आल्फा कण बाहेर टाकले व डब्नियम-२६२ वर येऊन भंजनाने साखळी संपली. एप्रिल २००५ मध्ये दुसरा अणू मिळाला. त्याचीही साखळी तशीच संपली. परीक्षक मंडळाला एवढ्याने समाधान वाटले नाही, कारण साखळीतील बोरियम-२६६ विषयीची माहितीच तेव्हा अपुरी होती. गटाने मग सोडियमचा झोत क्युरियमवर सोडून बोरियम-२६६ स्वतंत्रपणे तयार केले व त्याचा क्षय तपासला.

त्यानंतर सात वर्षे तिसरा अणू मिळाला नाही. १२ ऑगस्ट २०१२ रोजी तो मिळाला, आणि या वेळी डब्नियम-२६२ चे भंजन झाले नाही. त्याने आल्फा कण बाहेर टाकला, लॉरेन्सियम-२५८ झाले, त्यानेही टाकला आणि मेंडेलेव्हियम-२५४ उरले. सलग सहा आल्फा कणांची ही साखळी परिचित समस्थानिकांत येऊन स्थिरावली. डब्नियम-२६२ साठी दोन्ही मार्ग मोकळे असतात. कोणता घडेल ते केवळ संभाव्यतेवर अवलंबून. पहिल्या दोन अणूंपैकी एकानेही हा मार्ग घेतला असता तर मान्यतेसाठी इतकी वर्षे कदाचित थांबावे लागले नसते.

दुबना व लिव्हरमोर येथील संयुक्त गटाचाही ११३ वर दावा होता. त्यांना ते ११५ व्या मूलद्रव्याच्या क्षयातून मिळाले होते. डिसेंबर २०१५ मध्ये ११३ चे श्रेय रिकेनला देण्यात आले व २०१६ मध्ये निहोनियम हे नाव मंजूर झाले. मासाताका ओगावा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये ४३ व्या मूलद्रव्याला ‘निपोनियम’ हे नाव दिले होते, पण तो शोध चुकीचा ठरला. एकदा वापरलेले नाव पुन्हा देत नाहीत, म्हणून निपोनियम न होता निहोनियम झाले.

११८ : मागे घेतलेला शोध

साखळीवरच सारी भिस्त असण्याचा धोका १९९९ मध्ये उघड झाला. बर्कली येथील प्रयोगशाळेने शिसे-२०८ वर क्रिप्टॉन-८६ आदळवून ११८ व्या मूलद्रव्याचे तीन अणू मिळविल्याचे जाहीर केले. प्रसिद्ध झालेल्या साखळ्या नीटस होत्या, सैद्धांतिक भाकितांशी जुळत होत्या. पण जर्मनी, फ्रान्स व जपान येथील प्रयोगशाळांना तो प्रयोग पुन्हा करून काहीच मिळाले नाही. खुद्द बर्कलीलाही मिळाले नाही. मूळ नोंदींच्या फायली पुन्हा उघडून पाहिल्या तेव्हा त्या साखळ्या तेथे नव्हत्याच. २००१ मध्ये दावा मागे घेण्यात आला व चौकशी समितीने माहिती बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर डार्मस्टाट येथेही जुन्या नोंदींची फेरतपासणी झाली आणि ११० व ११२ या मूलद्रव्यांच्या प्रत्येकी एका साखळीला मूळ नोंदींत आधार नसल्याचे आढळले. इतर साखळ्या खऱ्या असल्याने ते शोध मात्र अबाधित राहिले.

जेथे पुरावा म्हणजे अभिज्ञातकातील चार-पाच आकड्यांची एक ओळ असते, तेथे ती ओळ किती जणांनी स्वतंत्रपणे तपासली याला असाधारण महत्त्व येते. यानंतर एकाहून अधिक व्यक्तींनी मूळ नोंदींचे विश्लेषण करण्यावर भर दिला जाऊ लागला.

११८ वे मूलद्रव्य पुढे दुबना येथे कॅलिफोर्नियम-२४९ व कॅल्शियम-४८ यांच्या संयोगातून मिळाले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ओगानेसॉन-२९४ आल्फा क्षयाने लिव्हरमोरियम-२९० होते, तेही आल्फा क्षयाने फ्लेरोव्हियम-२८६. या दुव्यावर साखळीला फाटा फुटतो: काही अणू येथेच भंजन पावतात, तर काही आणखी एक आल्फा कण टाकून कोपर्निसियम-२८२ होतात व मग भंजन पावतात.

टेनेसिनचे लक्ष्य

११७ व्या मूलद्रव्यासाठी बर्केलियम-२४९ चे लक्ष्य हवे होते. हे द्रव्य स्वतःच सुमारे ३३० दिवसांच्या अर्धायुकालाने क्षय पावते. अमेरिकेतील ओक रिज येथील अणुभट्टीत सुमारे २५० दिवसांच्या प्रारणानंतर ते २२ मिलिग्रॅम तयार झाले. रशियात पाठविताना कागदपत्रांच्या अडचणींमुळे पेटी परत आली, आणि त्या पेटीने एकूण पाच वेळा अटलांटिक ओलांडला. तिकडे बर्केलियम रोज थोडेथोडे कमी होत होते. जुलै २००९ मध्ये प्रयोग सुरू झाला व सहा अणू मिळाले. २०१४ मध्ये डार्मस्टाट येथील पडताळणीत या साखळीच्या शेवटी लॉरेन्सियम-२६६ आढळले, जे कित्येक तास टिकते.

आल्फाहून जड कणांचे उत्सर्जन

आल्फा कण आणि भंजन यांच्या मधला एक मार्ग १९८० मध्ये संदुलेस्कू, पोएनारू आणि ग्राइनर यांनी गणिताने वर्तविला होता: अणुकेंद्रातून कार्बन, निऑन यांसारखे अखंड अणुकेंद्र बाहेर पडावे. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड येथे रोझ व जोन्स यांना रेडियम-२२३ मधून कार्बन-१४ बाहेर पडताना आढळले. सुमारे शंभर कोटी आल्फा कणांमागे असा एक कण येतो. कित्येक महिन्यांच्या मोजणीत त्यांच्या हाती अकरा कण लागले. मागे उरते शिसे-२०९, म्हणजे दुहेरी जादूई शिसे-२०८ चा सख्खा शेजारी. नंतर निऑन-२४ (युरेनियम-२३२ मधून) ते सिलिकॉन-३४ (क्युरियम-२४२ मधून) असे अनेक प्रकार आढळले आणि बहुतेक ठिकाणी उरलेले अणुकेंद्र शिशाचे किंवा त्याच्या आसपासचे असते. असा कण अणुकेंद्रात आधीच घडलेला असतो व मग बोगदा परिणामाने बाहेर पडतो, असे मानणारी एक प्रतिकृती चंडीगढ येथील राज गुप्ता यांनी एस. एस. मलिक यांच्यासमवेत १९८९ मध्ये मांडली. तिचा वापर पुढे भारतातील अनेक विद्यापीठांत झाला.

अणुक्रमांक ११० च्या पुढे हा मार्ग आल्फा क्षयाशी स्पर्धा करू लागेल, असे भाकीत पोएनारू, घेर्गेस्कू व ग्राइनर यांनी २०११ मध्ये केले. ओगानेसॉन-२९४ मधून क्रिप्टॉन-८६ बाहेर पडले तर शिसे-२०८ उरेल: १९९९ च्या फसलेल्या प्रयोगात जे दोन भाग जोडू पाहिले होते तेच. अद्याप अशी घटना नोंदली गेलेली नाही. ती नोंदली गेली तरी ओळखणे कठीण जाईल, कारण नेहमीचा अभिज्ञातक तुकड्यांची एकूण ऊर्जा मोजतो, त्यांचे अणुक्रमांक नव्हे. अशी घटना भंजनांच्या नोंदींतच जमा होण्याचा संभव अधिक.

प्रोटॉनांचे उत्सर्जन

अतिजड नसलेल्या, पण प्रोटॉनांचा अतिरेक झालेल्या अणुकेंद्रांतून प्रोटॉनही बाहेर पडतो. १९७० मध्ये कोबाल्ट-५३ च्या उद्दीपित अवस्थेत आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी डार्मस्टाट येथे ल्युटेशियम-१५१ च्या तळअवस्थेत हा क्षय आढळला. दोन प्रोटॉन एकदम बाहेर पडण्याचे व्ही. आय. गोल्डान्स्की यांचे १९६० मधील भाकीत लोह-४५ मध्ये २००२ साली खरे ठरले. पुढे वायूने भरलेल्या कक्षात या दोन प्रोटॉनांचे मार्ग प्रकाशचित्रात टिपण्यात आले. एका बिंदूतून फुटलेल्या दोन लहान रेषा त्यात स्पष्ट दिसतात.

चालू संशोधन

११९ व १२० ही मूलद्रव्ये कॅल्शियम-४८ ने मिळविता येण्याजोगी नाहीत, कारण त्यासाठी आइन्स्टाइनियम वा फर्मियमचे लक्ष्य लागेल व ती द्रव्ये पुरेशा प्रमाणात तयारच होत नाहीत. म्हणून अधिक जड आयनांकडे वळावे लागले आहे. रिकेनमध्ये क्युरियम-२४८ वर व्हॅनेडियम-५१ आदळवून ११९ चा शोध चालू आहे. बर्कली येथे प्लुटोनियम-२४४ वर टायटॅनियम-५० आदळवून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळाल्याचे जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी झोत २२ दिवस चालू होता. याच झोताने कॅलिफोर्नियम-२४९ वर १२० चा शोध घेण्याची तेथे योजना आहे. दुबना येथे केवळ अतिजड मूलद्रव्यांसाठी नवा सायक्लोट्रॉन उभारण्यात आला आहे. १२० च्या अणूने आल्फा कण टाकला की ओगानेसॉन उरेल, त्यामुळे त्याच्या साखळीचा खालचा भाग या वेळी अनोळखी असणार नाही.